तबकडीवरचा श्रोता



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत व्यापारी चिन्हांचा विषय कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. या पुस्तिकेत आपण संतांविषयी वाचतो, नाटककारांविषयी वाचतो, आपल्या दुभाषी मुलखाविषयी वाचतो. मालाच्या वेष्टनावरची चित्रे ही काही वाङ्मयाची सामग्री नव्हे. तरी दोन घटका धीर धरा. प्रश्न चित्रांचा वाटला, तरी शेवटी तो नावाचा आहे, आणि ते नाव आपल्या हुबळीतलेच आहे.

सुरुवातीला एक छोटी परीक्षा घेऊ. दोन तळहातांच्या आडोशात तेवणारी ज्योत कोणाची? आयुर्विमा महामंडळाची. निळे वर्तुळ आणि त्यात खालपर्यंत गेलेली एक चीर? स्टेट बँक. ठिपक्यांच्या झग्यातली निळ्या केसांची मुलगी? अमूल. पगडी घालून, छातीवर हात ठेवून लवणारा मिशीवाला? एअर इंडियाचा महाराजा. यातल्या एकाही चित्राचे नाव सांगावे लागले नाही. आता शेवटचे चित्र. पितळी कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला पांढरा कुत्रा, कान काळे. घरात ग्रामोफोन कधी पाहिला नसला तरी तुम्ही 'हिज मास्टर्स व्हॉइस' किंवा नुसते 'एचएमव्ही' म्हणालाच असाल.

आता दुसरा प्रश्न. त्याच कुत्र्याखाली, १९३०नंतरच्या काही तबकड्यांवर, गाणाऱ्या बाईंचे नाव 'गांधारी' असे छापलेले आहे. ही गांधारी कोण? पहिल्या प्रश्नाला सगळी सभा एकदम बोलते. दुसऱ्याला बहुधा दोन-चार जाणकार सोडले तर शांतता पसरते. ही गांधारी म्हणजे आपल्या देशपांडे नगरातील 'गंगालहरी' या घरात राहिलेल्या गंगूबाई हनगल. चित्र सर्वांना ओळखू यावे आणि चित्राखालचा माणूस ओळखू येऊ नये, हे कसे घडते? त्या कुत्र्याच्या निमित्ताने मला याच गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

छाप

'लोगो' हा शब्द आपल्याकडे अलीकडचा. आपला जुना शब्द 'छाप'. नाण्यावर छाप असते, नाणे उडवताना आपण 'छाप की काटा' विचारतो, छापखान्यात पुस्तक छापले जाते आणि चांगल्या वक्त्याची सभेवर छाप पडते. बाजारातही हाच शब्द चाले. वाचता न येणारा गिऱ्हाईक दुकानात जाऊन घोडा छाप, हत्ती छाप, उंट छाप असे मागे. त्याला कंपनीचे नाव ठाऊक नसे आणि त्याचे काही अडतही नसे. चित्र चुकले नाही म्हणजे माल चुकला नाही, एवढा त्याचा हिशेब.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येई तेव्हा ताग्यावर रंगीत चित्राचे लेबल चिकटवलेले असे. देव, राजे, हत्ती, झोपाळ्यावरच्या स्त्रिया, असे इथल्या माणसाला आवडेल ते त्यावर असे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या आणि अशा छापखान्यांतील लक्ष्मी-सरस्वती पुढे लेबलांवर आणि दिनदर्शिकांवर उतरल्या. चित्र हीच मालाची ओळख झाल्यावर चित्राची चोरीही सुरू झाली. म्हणून १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला, आणि व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा १९४० साली आला. हुबळीसारख्या कापसाच्या पेठेला, जिथून कापूस बाहेर जाई आणि कापड परत येई, या छापांची सवय चांगलीच होती.

आपल्या शेजारच्या बेळगावचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तिथे करणाऱ्याचे आडनावच मालाची छाप झाले. नांगर ओळखला की किर्लोस्कर ओळखले. ग्रामोफोनच्या तबकडीचे तसे नव्हते. तिचा खरा माल म्हणजे आवाज. तो गाणाऱ्याचा होता आणि छाप मात्र कंपनीची होती. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

निपर आणि त्याचे चित्र

कुत्र्याचे नाव निपर. इंग्रजीत 'निप' म्हणजे हलकेच चावणे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना तोंड लावण्याच्या सवयीवरून त्याला हे नाव मिळाले असे सांगतात. तो १८८४ साली ब्रिस्टलमध्ये जन्मला. त्याचा मालक मार्क बॅरॉड नाटकगृहात पडदे आणि देखावे रंगवी. १८८७ साली मार्क वारला आणि निपर त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉडकडे आला. १८९५ साली निपरही मेला. त्यानंतर तीन वर्षांनी फ्रान्सिसने त्याचे चित्र काढले. म्हणजे जगातील हे सर्वांत ओळखीचे कुत्रे, ज्या दिवशी रंगवून पुरे झाले, त्या दिवशी हयात नव्हते.

मूळ चित्रातले यंत्र ग्रामोफोन नव्हते. तो फोनोग्राफ होता, मेणाच्या दंडगोलावर चालणारा. फेब्रुवारी १८९९मध्ये फ्रान्सिसने या चित्राच्या हक्काची नोंद केली आणि ते फोनोग्राफ विकणाऱ्या कंपनीला देऊ केले. कुत्री फोनोग्राफ ऐकत नाहीत, असे उत्तर त्याला मिळाल्याची आख्यायिका आहे. चित्रातला काळा कर्णा फार उदास दिसतो, त्याजागी पितळी काढावा, असे कोणीतरी सुचवले. कर्णा उसना मागायला तो लंडनच्या मेडन लेनमधील ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथल्या बॅरी ओवेन या व्यवस्थापकाने चित्र पाहिले आणि अट घातली. जुने यंत्र पुसून त्याजागी आमचे तबकडीचे यंत्र रंगवा, आम्ही चित्र घेतो. चित्राचे ५० पौंड आणि हक्काचे ५० पौंड, असे १०० पौंडांत काम झाले. मूळ चित्र नीट उजेडात धरून पाहिले तर आजही वरच्या रंगाखाली जुन्या यंत्राचा आकार दिसतो.

कंपनीचे आधीचे चिन्ह वेगळे होते. पंख असलेली एक देवदूताची बालमूर्ती बसून तबकडीवर पिसाच्या लेखणीने लिहिते आहे, असे ते चित्र. इंग्लंडमध्ये १९०९पासून तबकडीच्या लेबलावर या देवदूताच्या जागी निपर आला. लिहिणारा गेला आणि ऐकणारा आला. सगळ्या देशांना मात्र तो सारखाच रुचला नाही. इटलीत बेसूर गाणाऱ्याला 'कुत्र्यासारखा गातो' म्हणतात, तेव्हा तिथे हे चिन्ह गायकाच्या तबकडीवर लावणे अवघडच होते. आपल्याकडे सोवळ्याच्या घरात कुत्र्याला उंबऱ्याआत मज्जाव. पण दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आधीच भिंतीवर होती आणि खंडोबाच्या पायाशी एक होते. तबकडीवरचा हा आणखी एक बिनबोभाट माजघरात येऊन बसला.

चिन्हाला चिकटणाऱ्या गोष्टी

या चित्राची एक गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. कुत्रा ज्या चकचकीत फळीवर बसला आहे ती मालकाची शवपेटी आहे. मालक मेला, पण कर्ण्यातून त्याचा आवाज येतो आहे आणि इमानी कुत्रा तो ऐकतो आहे. गोष्ट ऐकताना डोळ्यांत पाणी येते. पण तिला आधार नाही. ती चकाकणारी लाकडी फळी आहे, एवढेच.

अशा गोष्टी चिन्हांना चिकटतातच. स्टेट बँकेचे चिन्ह घ्या. अहमदाबादच्या कांकरिया तलावाचे वरून दिसणारे रूप म्हणजे ते निळे वर्तुळ, असे हटकून सांगितले जाते. १९७१ साली आलेले हे चिन्ह अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांचे. तलाव आणि संस्था एकाच गावची, म्हणून गोष्ट जुळून गेली. त्या आकाराचा कुलपाच्या भोकाशी असलेला संबंध अधिक सरळ आहे. पण कुलपापेक्षा तलावाची गोष्ट रंगते. लोक चिन्हाकडे नुसते पाहत नाहीत, त्याला एक कहाणी जोडून घेतात. आणि कहाणी एकदा बसली की करणाऱ्याचे नाव मागे पडते. तलाव सर्वांना ठाऊक, कामत थोड्यांना.

निपरच्या बाबतीत खोट्या गोष्टीपेक्षा खरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. फोनोग्राफच्या मेणाच्या दंडगोलावर घरच्या घरी आवाज भरता येई. म्हणून मूळ चित्रात मालकाचा आवाज ऐकणारा कुत्रा शक्य होता. ग्रामोफोनच्या तबकडीवर घरी आवाज भरता येत नसे. ती कारखान्यात तयार होऊन यायची आणि तिच्यावर कंपनीने निवडलेल्या कलावंताचाच आवाज असायचा. यंत्र बदलले त्या क्षणी चित्राचा अर्थही बदलला, नाव मात्र तेच राहिले. नव्या यंत्रातून निपरच्या मालकाचा आवाज येणे शक्यच नव्हते. कुत्रा आता परक्याचे गाणे ऐकत होता.

आणखी एक गोष्ट पाहा. बहुतेक चिन्हांत विकणारा असतो, वस्तू असते किंवा एखादा देव. महाराजा सेवा करतो, अमूलची मुलगी लोणी खाते. या चिन्हात गाणारा नाही. त्यात फक्त ऐकणारा आहे. जगभर ते लोकांच्या मनात इतके का बसले याचे हेच कारण असावे, असे मला वाटते. तबकडी विकत घेणाऱ्याला तिच्यावर स्वतःचेच चित्र दिसत होते. पण त्याच कारणाने गाणाऱ्याला चिन्हात जागा उरली नाही. त्याची जागा खाली, बारीक अक्षरांत.

मुंबईहून आलेले गाणे

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला. तिथे त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मेणाच्या साच्यांवरून तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होत. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी नावे कळत नसत, म्हणून गाणे संपले की कलावंत स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारी, असे सांगितले जाते. गौहर जान तबकडीच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगतात, ते आजही ऐकू येते. त्या काळच्या तबकडीची खरी छाप ती होती. चित्र कंपनीचे असले, तरी नाव गाणारी स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

१९०८ साली कलकत्त्याला कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. तबकडी इथेच तयार होऊ लागली, लेबल इथेच छापले जाऊ लागले आणि नाव तोंडाने सांगण्याची गरज संपली. तबकडीत लागणारी लाख तर हिंदुस्थानातल्या जंगलांचीच होती. १९२५नंतर कर्ण्यात ओरडून गाण्याचे दिवस गेले, मायक्रोफोन आला आणि हलका आवाजही टिपला जाऊ लागला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे बसे. तेवढ्यात राग उभा करायचा आणि तेवढ्यातच संपवायचा.

धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मुंबईत मुद्रित झालेले गाणे रेल्वेने हुबळीला यायला वेळ लागत नसे. कोणाच्या घरी, कोणा व्यापाऱ्याच्या पेढीवर, एखाद्या हॉटेलात यंत्र आले की सगळी आळी तिथे जमे. गदगचे भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडे झाले आणि गाण्याच्या शोधात घर सोडून निघाले, ही कथा तुम्हांला पाठ आहे. धारवाडच्या शुक्रवार पेठेतील एक मुलगी तशीच. शेजारी ग्रामोफोन वाजू लागला की ती घरातून धावत रस्त्यावर येई आणि तो ऐकत उभी राही. ती गंगू, जन्म ५ मार्च १९१३. वडील चिक्कूराव नाडिगेर, शेतीभाती पाहणारे. आई अंबाबाई, कर्नाटक संगीत गाणाऱ्या.

ती मुलगी रस्त्यावर उभी होती, हे मी मुद्दाम सांगतो. गाणाऱ्या घराण्यातली म्हणून लहानपणी वस्तीत सोसाव्या लागलेल्या अपमानाविषयी गंगूबाईंनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात महात्मा गांधींसमोर स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत त्या होत्या. तेव्हाही मनात धाकधूक होती ती गाण्याची नव्हे, तर पंगतीत आपल्याला कोठे बसवतील याची. कर्ण्यासमोर बसायला कुत्र्याला जागा होती. त्याच कर्ण्याचा आवाज ही मुलगी उंबऱ्याबाहेरून ऐकत होती.

गांधारी

मुलीला हिंदुस्थानी संगीत नीट शिकता यावे म्हणून १९२८ साली हे कुटुंब धारवाडहून हुबळीला आले. मुलीच्या गळ्यावर आपल्या कर्नाटक गायकीची छाया पडू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे आवरते घेतले. कृष्णाचार्य हुलगूर, दत्तोपंत देसाई यांच्याकडे आरंभीचे शिक्षण झाले आणि मग कुंदगोळच्या सवाई गंधर्वांची दीर्घ तालीम मिळाली. १९३२ साली अंबाबाई गेल्या. मुलीचे नाव गाजलेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

साधारण याच सुमारास एचएमव्हीने गंगूबाईंच्या तबकड्या काढायला सुरुवात केली आणि लेबलावर 'गांधारी' हे नाव आले. कधी त्याला हुबळी गावाची जोड, कधी हनगल या आडनावाची. हिंदुस्थानी चिजा होत्या, तशी मराठी भावगीतेही होती. जी. एन. जोशींबरोबरचे त्यांचे मराठी द्वंद्वगीत आपल्यातील जुन्या मंडळींना आठवत असेल. हे जोशी पुढे याच कंपनीत अधिकारी झाले. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकड्याही याच दशकात याच छापाखाली निघाल्या.

लेबलावर गाण्याची भाषा छापलेली असे. एकाच गळ्याच्या तबकडीवर कधी एक भाषा, कधी दुसरी. घरी कन्नड बोलणारी ही बाई मराठी घरात मराठी भावगीतातून गेली आणि कित्येक मराठी घरांनी तिला आपलीच मानले. आपण इथली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलत आलो आहोत, तेव्हा यात आपल्याला काहीच नवल वाटू नये. लेबलावर भाषा एकच छापता येते. गळ्यात मात्र दोन राहू शकतात, आणि मनात त्याहून जास्त. आपल्या मुलखाला कोणी एकाच भाषेचे लेबल लावू लागले की मला ही तबकडी आठवते.

आता त्या आवाजाकडे या. गांधारीच्या तबकड्यांवरचा आवाज उंच, कोवळा, तारसप्तकात सहज जाणारा आहे. तुम्ही-आम्ही ज्यांना मैफलीत किंवा आकाशवाणीवर ऐकले त्या गंगूबाईंचा आवाज खर्जाचा, भारदस्त, पुरुषी म्हणावा असा. मधल्या काळात घशाचे दुखणे झाले, शस्त्रक्रिया झाली आणि गळा कायमचा बदलला. अनेकींनी तिथे गाणे थांबवले असते. यांनी त्या नव्या गळ्यातून किराणा घराण्याची संथ बढत उभी केली आणि १९७१ साली पद्मभूषण, २००२ साली पद्मविभूषण मिळवले. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले.

याचा परिणाम असा झाला की त्या जुन्या तबकड्यांना ओळखीची एकही खूण उरली नाही. नाव वेगळे आणि आवाजही वेगळा. ज्यांनी गंगूबाईंना आयुष्यभर ऐकले तेसुद्धा गांधारीची तबकडी लागली तर चटकन ओळखणार नाहीत. त्या तबकडीवर सर्वांना ओळखता येणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे कुत्रा.

यात मी कंपनीला दोष देत नाही. निपरच्या चित्रात जुने यंत्र पुसून नवे रंगवले तसे नावही बदलले गेले. बाजाराला जे चालेल असे वाटते ते बाजार छापतो. दोष असलाच तर तो आपला, पाहणाऱ्यांचा. वरचा रंग पाहून आपण थांबतो. खाली काय आहे हे पाहायला लेबल थोडे उजेडात धरावे लागते, आणि तेवढी तसदी आपण घेत नाही.

छाप विरते तेव्हा

चिन्हे अमर असतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. १९३१ साली इंग्लंडमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी कोलंबिया एकत्र होऊन ईएमआय झाली. कुत्र्याच्या आणि कोलंबियाच्या जोडस्वरांच्या छापाखाली वेगवेगळ्या तबकड्या निघत राहिल्या, मालक मात्र एकच. उलट निपरचे मालक अनेक झाले. अमेरिकेत हे चिन्ह आरसीएकडे, जपानमध्ये जेव्हीसीकडे, इंग्लंडात ईएमआयकडे. एकच कुत्रा तीन दारांत बांधलेला. आपल्याकडे १९७०च्या सुमारास लाखेच्या तबकड्या थांबल्या, पाठोपाठ कॅसेट आली, आणि २००० साली इथल्या कंपनीने नाव बदलून 'सारेगामा' घेतले. निपर दुकानांच्या पाट्यांवरून हळूहळू उतरला.

गावाच्या नावाचेही तसेच. तबकडीवर रोमन लिपीत 'हुब्ली' म्हणून छापलेले आपले गाव १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारदरबारी हुब्बळ्ळी झाले. आपण मराठीत आधीही हुबळी म्हणत होतो आणि अजून म्हणतो. नावे बदलतात, यात दुःख करण्यासारखे काही नाही. जुने नाव आणि नवे नाव एकाच वस्तूचे आहे हे सांगणारे कोणी उरले नाही, तर मात्र वस्तूच हरवते.

म्हणून तुम्हांला एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाड्यांत, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या अजून आहेत. घर पाडून नवे बांधताना किंवा मुलांकडे बंगळूर-पुण्याला मुक्काम हलवताना त्या भंगारात जातात. कुत्रा छाप आहे म्हणून एखादी शोभेसाठी भिंतीवर टांगली जाते आणि बाकीच्या जातात. तसे होऊ देऊ नका. तबकड्या खाली काढा आणि आडव्या रचून ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पुसायच्या तर मऊ कोरड्या फडक्याने. स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. जुन्या गंजक्या सुईने वाजवूनही पाहू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक तबकडीवरच्या चार गोष्टी तिच्यात उतरवा. गाणाऱ्याचे नाव जसे छापले आहे तसे, गाण्याचे शब्द, भाषा आणि लेबलावरचा क्रमांक. मध्यभागी लेबलाच्या कडेला कोरलेले बारीक आकडे दिसले तर तेही टिपा, जाणकाराला त्यावरून मुद्रणाचा काळ लावता येतो.

वही लिहिताना एखादे लेबल असे येईल की नाव अनोळखी आहे. गांधारी म्हणजे कोण हे तुम्हांला आता ठाऊक आहे. पण अशी आणखी किती नावे असतील, ज्यांची खरी ओळख फक्त तुमच्या आत्याला किंवा शेजारच्या काकूंना ठाऊक आहे? त्यांना आजच विचारा आणि त्या सांगतील ते नाव छापील नावाच्या शेजारी लिहून ठेवा.

निपर गेली सव्वाशे वर्षे कर्ण्यासमोर मान कलती करून बसला आहे आणि आपण त्याच्याकडे पाहत आलो आहोत. तो मात्र आपल्याकडे पाहत नाही, आतून येणारे गाणे ऐकतो आहे. त्याच्याकडून आपण एवढे शिकलो तरी पुरे आहे.